मोजणीबाहेरची यंत्रं



इतिहास, साहित्य, शेती आणि पाणी या विषयांच्या व्यासपीठावर यंदा संगणकाला जागा मिळाली, याबद्दल मी व्याख्यानमालेच्या संयोजकांचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे दरवर्षी जमतो ते शिक्षक होते, आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते वहीत लिहू नका, असा त्यांचा विद्यार्थ्यांना आग्रह असे. आजच्या विषयाला तो आग्रह शोभून दिसतो.

विषय एका ओळीत सांगता येतो. एखाद्या संस्थेच्या नेटवर्कवर किती व्हर्च्युअल मशीन चालू आहेत, किती बंद पडून आहेत, त्या कोणाच्या आहेत, आणि हे कळणार कसं? ऐकायला कारकुनी वाटतं. पण गेल्या काही वर्षांत नावाजलेल्या संस्थांमध्ये ज्या घुसखोऱ्या झाल्या, त्यातल्या काहींचा रस्ता अशा यंत्रांतून गेला की जी कोणाच्याही यादीत नव्हती. म्हणून मला हे काम संगणक विभागाच्या कोपऱ्यात ढकलून देण्यासारखं वाटत नाही. ज्या संस्थेकडे लोकांचे पैसे आहेत, रुग्णांचे कागद आहेत, विद्यार्थ्यांचे गुण आहेत, तिला आपली यंत्रं मोजता आली पाहिजेत.

सभागृहात संगणकाशी रोजचा संबंध नसलेलेही पुष्कळ आहेत, म्हणून आधी थोडं मुळातून सांगतो. एका दणकट सर्व्हरवर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते त्या सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड वाटून देतं, आणि त्या वाट्यांवर स्वतंत्र संगणक उभे राहतात. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, पासवर्ड वेगळे, आयपी पत्ता वेगळा. खालच्या खऱ्या सर्व्हरला होस्ट म्हणतात, वरच्या प्रत्येकाला गेस्ट किंवा सरळ व्हीएम. ही व्हीएम डिस्कवर पाहाल, तर चारदोन फायलींचं एक फोल्डर आहे. नेटवर्कवरून पाहाल, तर तो पुरता संगणक आहे. त्याच्यावर माहिती साठते, त्याच्याशी बोलता येतं, त्याच्यात चोर शिरू शकतो. जी वस्तू फायलीसारखी कॉपी होते आणि संगणकासारखी वागते, तिची मोजदाद करायची कशी?

आपल्याकडचा जुना रिवाज आठवा. कार्यालयात सर्व्हर घ्यायचा म्हणजे दरपत्रकं मागवा, खरेदी समितीपुढे ठेवा, पुरवठा आदेश काढा, टेम्पोतून खोकी उतरवून घ्या, आणि मग डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा. पेटीवर रंगाने नंबर पडायचा. त्या नोंदीशिवाय बिल निघत नसे, म्हणून सर्व्हर नोंद चुकवून आत येऊच शकत नसे. व्हीएमला बिल नाही. टेम्प्लेट, म्हणजे साचा, तयार असेल तर काही मिनिटांत ती उभी राहते. बिल नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून तपासणीत ती येत नाही. तपासणीत येत नाही म्हणून तिला पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, लागत नाहीत, तिचा बॅकअप होत नाही, आणि जिने ती उभी केली ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की ती व्हीएम होती हेही कोणाला ठाऊक राहत नाही.

सुरुवातीला हे असं नव्हतं, आणि हा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. व्हर्च्युअल मशीन ही कल्पना १९६० च्या दशकातली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे आयबीएमचं संशोधन केंद्र होतं, तिथे ती आकाराला आली, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात जाहीर केली. एका मोठ्या मेनफ्रेमवर प्रत्येक वापरणाऱ्याला आपला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखं वाटावं, ही तिची करामत. पण तिथे एक डिरेक्टरी असे. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची त्यात नोंद. मालकाचं नाव, पासवर्ड, किती मेमरी, कोणती उपकरणं, कोणते अधिकार. डिरेक्टरीत नोंद नसेल तर मशीन उभंच राहत नसे. म्हणजे नोंद आधी आणि यंत्र मागून. आज यंत्र आधी येतं, आणि नोंद मागून येते. पुष्कळदा येतच नाही.

हा क्रम उलटला कधी? मेनफ्रेमची ही विद्या साध्या पीसीच्या प्रोसेसरवर उतरली तेव्हा. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात व्हीएमवेअर ही कंपनी निघाली, पुढच्याच वर्षी तिने टेबलावरच्या संगणकात व्हीएम चालवून दाखवली, आणि २००१ मध्ये सर्व्हरसाठीचं उत्पादन आणलं. २००३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून झेन हे हायपरवायझर आलं. २००६ मध्ये ॲमेझॉन तासाच्या भाड्याने व्हीएम देऊ लागलं. २००७ मध्ये केव्हीएम थेट लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झालं, म्हणजे ज्याच्याकडे लिनक्स त्याच्याकडे हायपरवायझर. अवघ्या दहा वर्षांत संगणक उभा करण्याचा अधिकार खरेदी समितीच्या हातून सुटला आणि प्रत्येक टेबलावर गेला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. छोट्या गावातल्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर अख्खं नेटवर्क उभारून शिकता आलं. पण मोजणीची जुनी व्यवस्था त्या दिवशी मोडली, आणि नवी आपोआप उभी राहिली नाही.

आता या यंत्रांना शोधायचं कसं? नेटवर्कवर फिरून ती ओळखता येतील का?

इथे एक तात्त्विक अडचण आहे. जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ मध्ये एक निबंध लिहिला, आणि व्हर्च्युअल मशीन कशाला म्हणावं याच्या अटी घालून दिल्या. त्यातली पहिली अट समानतेची. वेळेचा फरक सोडला, तर कोणताही प्रोग्राम व्हीएममध्ये तसाच चालला पाहिजे जसा तो खऱ्या यंत्रावर चालतो. म्हणजे बघा, चांगली व्हीएम ती, जी खऱ्या यंत्रापासून वेगळी ओळखता येत नाही. जी वस्तू वेगळी दिसू नये म्हणूनच घडवलेली आहे, ती आपण वेगळी शोधायला निघालो आहोत. त्यामुळे एकाच बाजूने पाहून भागत नाही. बाजू तीन आहेत. बाहेरून नेटवर्कवरून पाहायचं, खालून हायपरवायझरला विचारायचं, आणि आतून खुद्द व्हीएमला विचारायचं. यातली प्रत्येक बाजू काही दाखवते आणि काही लपवते.

बाहेरची बाजू आधी घेऊ. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. त्याचे पहिले २४ बिट सहसा बनवणाऱ्या कंपनीचे, आणि ते आयईईई ही संस्था वाटून देते. व्हीएमचं कार्ड खरं नसलं तरी पत्ता लागतोच. म्हणून ज्याची सुरुवात ००:५०:५६ अशी आहे तो पत्ता व्हीएमवेअरचा, ०८:००:२७ असेल तर बहुतेक व्हर्च्युअलबॉक्स या हायपरवायझरचा, आणि ५२:५४:०० दिसला तर केव्हीएमची शंका घ्यावी. हा शेवटचा आकडा कोणत्याही कंपनीला वाटून दिलेला नाही. पत्ता इथेच घरच्या घरी तयार केला आहे अशी खूण त्याच्या पहिल्याच बाइटमध्ये असते. पण तेवढ्यावर निर्णय देऊ नका. आजकालचे मोबाइलही वायफायला असाच घरचा पत्ता दाखवतात, मालकाचा माग लागू नये म्हणून. शिवाय ॲडमिनने ठरवलं तर व्हीएमला हवा तो मॅक पत्ता हाताने देता येतो. मॅक पत्ता ही साक्ष आहे, पुरावा नाही.

स्थानिक नेटवर्कमध्ये हा पत्ता मिळवायला एआरपी उपयोगी पडतो. १९८२ पासूनचा हा नियम. 'अमुक आयपी कोणाचा?' असा पुकारा केला की ज्याचा आहे तो आपला मॅक पत्ता सांगतो. पिंगला उत्तर न देणारं विंडोज मशीनही एआरपीला उत्तर देतं, कारण ते न देता त्याला शेजाऱ्याशी बोलताच येणार नाही. एनमॅप हे १९९७ पासूनचं मोफत साधन स्थानिक नेटवर्कवर हेच करतं. २५४ पत्त्यांचा तुकडा पाहता पाहता तपासून होतो. पण राउटर ओलांडला की हा मार्ग संपतो. पलीकडच्या कोणत्याही यंत्राबद्दल विचारलं तरी मॅक पत्ता राउटरचाच दिसतो. म्हणून प्रत्येक तुकड्यात शिरावं लागतं, नाहीतर तिथल्या स्विचला आणि राउटरला त्यांचे तक्ते मागावे लागतात. ते तक्ते फार बोलके असतात. स्विचच्या एका पोर्टमागे दहा-वीस मॅक पत्ते दिसले, तर त्या वायरच्या टोकाला दुसरा स्विच असेल किंवा व्हीएमचा होस्ट असेल. उठून जाऊन बघायचं. त्याला पर्याय नाही.

आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथे एकेका तुकड्यात २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. ओळीने ठोठावत जायला आयुष्य पुरणार नाही. तिथे शेजारी कोण कोण बोलतं आहे ते राउटरकडून ऐकूनच यादी करावी लागते.

आणि अशी तपासणी, म्हणजे स्कॅन, करायची तर लेखी परवानगी घेऊनच. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीवाचून शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. स्वतःच्या संस्थेतही आधी सांगा, कारण जुने प्रिंटर आणि कारखान्यातली नियंत्रण यंत्रं जोराच्या स्कॅनने अडकून बसतात. विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

बाहेरून काय दिसत नाही? बंद असलेली व्हीएम दिसत नाही, आणि ही फार मोठी उणीव आहे. चालू असलेल्याही काही लपतात. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवी व्हीएम केली की ती मुळात नॅट पद्धतीने जोडली जाते. आत तिचा पत्ता १०.०.२.१५ असतो आणि बाहेर फक्त लॅपटॉपचा पत्ता दिसतो. मे २०२० मध्ये सोफोस कंपनीच्या संशोधकांनी रॅग्नार लॉकर या खंडणीखोर टोळीची एक पद्धत उघड केली. टोळीने बळी पडलेल्या संगणकांवर २००९ सालचं व्हर्च्युअलबॉक्स बसवलं, त्यात विंडोज एक्सपीची छोटीशी व्हीएम चालवली, होस्टच्या डिस्क तिला शेअर करून दिल्या, आणि आतून फायली कुलूपबंद केल्या. १२२ एमबीचा सगळा पसारा, तो ४९ केबीचा एक प्रोग्राम लपवण्यासाठी! होस्टवरच्या अँटिव्हायरसला एवढंच दिसलं की व्हर्च्युअलबॉक्स नावाचा ओळखीचा, सहीशिक्क्याचा प्रोग्राम फायली उघडतो आहे.

मग खालून पाहू. हायपरवायझरला विचारलं तर तो सगळं सांगेल ना? बंद व्हीएमही सांगेल. व्हीएमवेअरचं व्हीसेंटर सगळ्या होस्टांची एकत्र यादी देतं. लिनक्सवर 'व्हर्श लिस्ट' या आज्ञेला 'ऑल' जोडलं की चालू आणि बंद दोन्ही येतात. ते 'ऑल' जोडायला विसरलं की बंद असलेल्या गळतात, आणि हे विसरणं मी फार ठिकाणी पाहिलं आहे. भाड्याच्या क्लाउडवर कंपनीच यादी देते, पण ती एका खात्याची आणि सहसा एका प्रदेशाची. मुंबईची यादी उघडून बसलेल्याला सिंगापूरमध्ये कोणी सोडून दिलेली व्हीएम दिसणार नाही, तिचं भाडं मात्र महिन्याच्या बिलात येत राहील. म्हणून क्लाउडमध्ये बिल हीसुद्धा एक यादी समजावी, आणि ती वाचावी.

पण हायपरवायझरची यादी खरी मानायची का? या प्रश्नाचं उत्तर देणारी एक घटना मी आज सविस्तर सांगणार आहे, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आलेलं आहे.

मायटर ही अमेरिकेतली, सरकारसाठी संशोधन करणारी विनानफा संस्था. हल्लेखोर कोणकोणत्या पद्धती वापरतात याचा जगभर प्रमाण मानला जाणारा कोश हीच संस्था चालवते. 'व्हीएममध्ये लपून काम करणं' ही पद्धतसुद्धा त्या कोशात नोंदलेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द मायटरच्या एका संशोधन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली. इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएन उपकरणातल्या, तोवर कोणाला माहीत नसलेल्या दोन त्रुटींतून हल्लेखोर आत आले आणि ॲडमिनचं एक खातं वापरून व्हीएमवेअरच्या व्यवस्थेपर्यंत पोहोचले. तिथे त्यांनी स्वतःच्या व्हीएम उभ्या केल्या. त्या त्यांनी व्हीसेंटरमधून केल्या नाहीत. व्हीसेंटर होस्टशी बोलायला जे अंतर्गत खातं वापरतं, त्या खात्याने थेट होस्टवर केल्या. परिणाम काय? त्या व्हीएम चालू होत्या, प्रोसेसर खात होत्या, नेटवर्कवर बोलत होत्या, आणि व्हीसेंटरच्या यादीत नव्हत्या. होस्टच्या वेबपडद्यावरही नव्हत्या.

मायटरने हे झाकलं नाही. एप्रिल आणि मे २०२४ मध्ये सगळं जाहीरपणे लिहिलं, आणि अशा व्हीएम शोधायच्या कशा तेही सांगितलं. तो उपाय ऐका. होस्टवर कमांड लाइनने जायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. पहिली आज्ञा म्हणते, तुझ्याकडे नोंदलेल्या सगळ्या व्हीएम दाखव. दुसरी आज्ञा म्हणते, या क्षणी ज्या व्हीएमच्या प्रक्रिया खरोखर चालू आहेत त्या दाखव. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. जी व्हीएम चालू आहे पण नोंदलेली नाही, ती घुसखोराची समजून चालायचं.

सातबाऱ्यावर ऊस लिहिलेला असतो आणि बांधावर जाऊन पाहावं तर सोयाबीन उभं असतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणूनच पीकपाहणी असते, आणि ती कचेरीत बसून करायची नसते. हायपरवायझरची यादी हा उतारा आहे. चालू प्रक्रिया हे शेत आहे. दोन्ही जुळतात का, हा खरा प्रश्न.

मला आज जे सांगायचं आहे ते हेच. कोणतीही एक यादी, ती कितीही महागड्या सॉफ्टवेअरने काढलेली असो, पुरेशी नसते. स्कॅनची यादी, हायपरवायझरची यादी, डीएचसीपीने वाटलेल्या पत्त्यांची यादी, बॅकअपची यादी, अँटिव्हायरसची यादी, या सगळ्या एकमेकींशी ताडून पाहायच्या. त्या जिथे जुळत नाहीत, तिथेच आपलं काम असतं. बॅकअपच्या यादीत आहे पण हायपरवायझरच्या नाही? मग ती व्हीएम कोणी आणि कधी काढली? हायपरवायझरच्या यादीत आहे पण अँटिव्हायरसच्या नाही? मग ती उघडी पडलेली आहे. स्कॅनमध्ये आहे आणि बाकी कुठेच नाही? मग आजचं दुसरं काम बाजूला ठेवा. बेरीज किती झाली यापेक्षा वजाबाकीत काय उरलं, ते मला आधी दाखवा.

तिसरी बाजू आतली. व्हीएममध्ये शिरून तिलाच विचारता येतं, तू कशावर चालतेस? पोपेक-गोल्डबर्ग यांची समानतेची अट आज हायपरवायझर स्वतःच थोडी शिथिल करतात. प्रोसेसरला ओळख विचारण्याची जी सूचना असते तिच्या उत्तरात 'इथे हायपरवायझर आहे' हे सांगण्यासाठी एक बिट राखलेला आहे, आणि पुढच्या एका उत्तरात हायपरवायझर १२ बाइटांत आपलं नाव देतो. लिनक्सवर 'सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट' ही एक ओळ लिहिली की उत्तर हजर. मात्र आत शिरायला पासवर्ड लागतो, आणि ज्या व्हीएमचा मालकच माहीत नाही तिचा पासवर्ड कोणाकडे असणार? म्हणून आतली साक्ष ओळखीच्या यंत्रांपुरतीच.

आता बंद व्हीएमकडे वळतो. ती निरुपद्रवी वाटते. पण १२ मे २०१७ हा दिवस आठवा. वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला तो दिवस. त्याला अडवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. समजा एखाद्या कार्यालयाने सगळी मशिनं पॅच केली. पण फेब्रुवारीत बंद केलेली एक व्हीएम होती, किंवा फेब्रुवारीतला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, होता, आणि जूनमध्ये कोणीतरी कामासाठी तो परत आणला. त्या क्षणी फेब्रुवारीतला संगणक जूनच्या नेटवर्कमध्ये उभा राहतो, पॅचशिवाय. खरं यंत्र मागच्या तारखेला जात नाही, व्हीएम जाते. म्हणून यादीत चालू-बंद एवढं लिहून भागत नाही. स्नॅपशॉट किती जुने, टेम्प्लेट कधीचे, आणि कोणत्याच व्हीएमला न जोडलेल्या डिस्क फायली साठवणीत कुठे पडल्या आहेत, तेही पाहावं लागतं.

आणि होस्टला विसरू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणी हल्ल्याने हजारो व्हीएमवेअर होस्टांवरच्या व्हीएमच्या फायली कुलूपबंद केल्या. फ्रान्सच्या सायबर यंत्रणेने आणि इतरांनी बोट दाखवलं ते ज्या त्रुटीकडे, तिचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. दोन वर्षं! इतक्या लोकांनी तो लावला का नाही? काहींना यंत्रणा थांबवणं परवडत नसेल. पण इंटरनेटला उघडा असलेला जुना होस्ट आपल्याकडे आहे, हेच ज्यांच्या यादीत नव्हतं, ते पॅच कशाला लावणार होते?

यादी करायला बसलं की एक साधा दिसणारा प्रश्न फार छळतो. हीच ती व्हीएम, हे कशावरून? नाव बदलता येतं. आयपी बदलतो. होस्टही बदलतो. चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येते, वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. नवा होस्ट स्विचला एक छोटा संदेश पाठवतो की हा मॅक पत्ता आता माझ्या बाजूला आहे, आणि गाडा पुढे चालू राहतो. म्हणून १२८ बिटांचा यूयूआयडी हा ओळख क्रमांक वापरतात. पण व्हीएम हाताने कॉपी केली तर तोही कॉपी होऊ शकतो.

एक प्रकार मी जवळून पाहिला आहे. उबंटू सर्व्हरचं टेम्प्लेट करून त्याच्या प्रती काढल्या होत्या. लिनक्स स्वतःची ओळख 'मशीन-आयडी' नावाच्या एका फायलीत ठेवतं. टेम्प्लेट करताना ती फाइल रिकामी करायची राहून गेली होती. नव्या उबंटूत डीएचसीपीकडे पत्ता मागताना मॅक पत्त्याऐवजी या मशीन-आयडीतून काढलेली ओळख दिली जाते. त्यामुळे डीएचसीपी सर्व्हरला वाटलं, एकच यंत्र पुन्हा पुन्हा पत्ता मागतं आहे, आणि त्याने सगळ्या प्रतींना एकच आयपी दिला. माणसं वायर तपासत होती, स्विच बदलत होती. स्कॅनमध्ये एक यंत्र दिसत होतं, हायपरवायझरमध्ये अनेक. इथेही उलगडा झाला तो दोन याद्या शेजारी ठेवल्यावरच. म्हणून एका खुणेवर विसंबू नका. यूयूआयडी, मॅक पत्ता, जन्मतारीख आणि हायपरवायझरने दिलेला क्रमांक हे चारही लिहा.

पण या सगळ्याहून महत्त्वाचा रकाना वेगळाच आहे, आणि तो कोणतंही साधन भरून देत नाही. मालक कोण? कुठल्याही जुन्या संस्थेच्या ॲडमिनच्या पडद्यावर नजर टाका. 'टेस्ट', 'टेस्ट-न्यू', 'टेस्ट-न्यू-२', 'जुना-पेरोल', 'डिलीट-करू-नका'. हे शेवटचं नाव वाचलं की मला काळजी वाटते. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, का डिलीट करायची नाही? विचारायला जावं तर माणूस बदली होऊन गेलेला असतो. मालकाच्या रकान्यात 'आयटी विभाग' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. तिथे एका जित्याजागत्या माणसाचं नाव हवं, त्याच्या वरिष्ठाचं हवं, आणि ही व्हीएम कधीपर्यंत हवी ती तारीख हवी. बदलीच्या वेळी चार्ज देताना किल्ल्या आणि फायलींबरोबर व्हीएमची यादीही दिली-घेतली जावी, अशी माझी प्रत्येक कार्यालय प्रमुखाला कळकळीची विनंती आहे.

कायद्याचंही एक बोट इकडे आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने सांगितलं की ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, आणि लॉग १८० दिवस जपा. लॉगमध्ये काय असतं? एक आयपी पत्ता आणि एक वेळ. चार महिन्यांपूर्वी तो पत्ता ज्या व्हीएमचा होता ती आज नसेल, आणि तोच पत्ता आज दुसऱ्याच व्हीएमकडे असेल. यादी रोज पुसून नवी लिहिणाऱ्या संस्थेला ६ तासांत काय कळणार? म्हणून काढून टाकलेल्या व्हीएमची ओळही यादीतून काढू नका. कधी गेली ते पुढे लिहा आणि ओळ राहू द्या.

मग ज्या व्हीएमचा मालक सापडतच नाही तिचं काय करायचं? हे मला दर ठिकाणी विचारतात. घाईने बंद करू नका. काही व्हीएम वर्षातून एकदाच काम करतात, ३१ मार्चच्या हिशेबाच्या वेळी. आधी सगळ्या विभागांना नावानिशी पत्र पाठवा. उत्तर आलं नाही तर ती कोणाकोणाशी बोलते ते काही आठवडे नोंदवा. कोणत्या डेटाबेसला जोडते, रात्री किती वाजता जागी होते, यावरून मालक पुष्कळदा सापडतो. तरीही नाही सापडला, तर व्हीएम चालू ठेवून तिचं फक्त नेटवर्क कार्ड तोडा. ज्याचं काम अडेल तो फोन करेल, आणि एका क्लिकवर ते परत जोडता येईल. महिनाअखेर गेली, तिमाही गेली, ३१ मार्च गेला, कोणाचा फोन आला नाही, तर बंद करा, बॅकअप घ्या, बॅकअप खरंच उघडतो का ते तपासा, आणि मग काढा. संशय घुसखोरीचा असेल, तर मात्र ही सावकाशीची वाट धरू नका. बंदही करू नका, कारण बंद केली की तिच्या मेमरीतला पुरावा जातो. नेटवर्क तोडा, मेमरीसकट स्नॅपशॉट घ्या, आणि जाणत्या माणसाला बोलवा.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवा असं मला संयोजकांनी सांगितलं आहे, आणि संगणक विभागात काम करणारे बरेच जण समोर बसलेले दिसत आहेत. त्यांच्याकडचे अनुभव ऐकायची मला उत्सुकता आहे.